दोन मैलांपुरती पेटी

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. दीड वीत लांब, एक वीत रुंद, वर कडी, पुढे कुलूप, आणि अंगावर ट्रॅक्टरला लावतात तो हिरवा रंग. हा रंग मला जन्मापासून नव्हता. तो माझ्या अंगावर कसा आला आणि त्याने आमच्या घरावर काय प्रसंग आणला, तेच तुम्हाला सांगायचं आहे, मित्रांनो. मी मुळात बोलकी नाही. पेटीचं कामच गप्प बसण्याचं. पण एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास मला वाचा असती, तर मी जीव तोडून ओरडले असते. तेव्हा नव्हती, म्हणून आता बोलते.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, कोपरे जोडले, बिजागऱ्या ठोकल्या, आणि झाले मी. तिथून वेस्ट व्हर्जिनियातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात आले. खिळ्यांच्या खोक्यांशेजारी फळीवर मी दोन वर्षं बसून होते. गिऱ्हाईक यायचं, मला हलवून बघायचं, "पोकळ आहे की," म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. पेटी पोकळ नसेल तर काय भरीव असेल? पण लोकांना कोण सांगणार.

शेवटी मला डॉर्सी हॉव्हरमेलने विकत घेतलं. उंच, हाडकुळा, एकतीस वर्षं वाळूच्या खाणीत सुरुंग लावण्याचं काम केलेला माणूस. बायको वारल्यावर तो आणि त्याची मुलगी ट्वायला असे दोघंच घरात राहत. ट्वायला पन्नाशीची, इस्पितळात नर्स. तिच्या पगारावर घर चाले आणि तिच्या जिभेवर डॉर्सी चाले. दुकानदाराने मला कागदात गुंडाळताना विचारलं, "काय ठेवणार हिच्यात, डॉर्सी?" तर तो म्हणाला, "दोन मैल."

आमचं घर डोंगराच्या घळीत. काही झालं तर शेरीफची, म्हणजे आमच्या भागाच्या पोलीसप्रमुखाची, गाडी पोहोचायला चाळीस मिनिटं लागतात. त्यामुळे डॉर्सीच्या कोटात तरुणपणापासून एक रिव्हॉल्व्हर असे. आमच्याकडे याचं कुणाला नवल नाही. डॉर्सीची थोरली बहीण ओपल उत्तरेला पेनसिल्व्हेनियात एकटी राहते. तिचं शेत, तिची कुंपणं, तिच्या कोंबड्या आणि त्या कोंबड्यांवर टपलेले कोल्हे. दर गुरुवारी ट्वायलाला सुट्टी, म्हणून दर गुरुवारी बापलेक तिच्याकडे जात. आणि मध्ये येतं मेरीलँड. हे राज्य त्या जागी इतकं चिंचोळं आहे, की नदीचा पूल ओलांडून पुढच्या राज्याच्या रेषेपर्यंत जेमतेम दोन-अडीच मैल. एक गाणं संपायच्या आत राज्य संपतं.

पण तेवढ्यात कायदा दोनदा बदलतो. आमच्या वेस्ट व्हर्जिनियात एकवीस वर्षांच्या माणसाला बंदूक लपवून बाळगायला आता परवानाही लागत नाही. तरी डॉर्सीने शेरीफकडून पाच वर्षांचा परवाना काढलेला होता. वर्गात बसून, निशाणावर गोळ्या झाडून दाखवून. कारण पेनसिल्व्हेनियात बिनपरवान्याचं चालत नाही, पण आमच्या शेरीफचा परवाना ते मानतात. गंमत म्हणजे तिथल्या लोकांना त्यांचा शेरीफ कुठल्याही वर्गात न बसवता परवाना देतो. आणि मेरीलँडचं निराळंच. तिथे परवाना राज्याचे पोलीस देतात. सोळा तासांचं शिक्षण, बोटांचे ठसे, नेमबाजीची परीक्षा. पूर्वी तर बंदूक कशाला हवी याचं कारणही त्यांना पटवून द्यावं लागे. एवढं सगळं त्यांच्या स्वतःच्या माणसांसाठी. बाहेरच्या राज्याचा परवाना ते मानतच नाहीत, मग त्यावर कितीही शिक्के असोत. तसं कुणी सापडलं तर थेट तुरुंगाची गोष्ट.

"नदीच्या अलीकडे मी सज्जन," डॉर्सी म्हणायचा, "पलीकडे गुन्हेगार, आणि त्या टेकडीपासून पुन्हा सज्जन. मी आपला त्याच कोटात, त्याच सीटवर बसलेलो."

अशा मधल्या राज्यातून जाणाऱ्यांसाठी देशाचा कायदा एक वाट ठेवतो. गोळ्या काढायच्या, बंदूक कुलूपबंद पेटीत घालायची, पेटी डिकीत, हाताला लागणार नाही अशी ठेवायची आणि मध्ये न रेंगाळता निघून जायचं. ती पेटी म्हणजे मी. सगळ्या आठवड्यात माझं काम काय ते एवढंच, जाताना दोन मैल आणि येताना दोन मैल.

पुलाच्या अलीकडे सफरचंदं आणि पीच विकणारी एक शेड आहे, तिच्यासमोर खडी टाकलेली मोकळी जागा आहे. आमच्याकडचे लोक तिला टोपी काढायची जागा म्हणतात, चर्चमध्ये शिरताना टोपी काढतात तशी. शिकारीच्या दिवसांत तिथे पाच-सहा गाड्या ओळीने उभ्या असतात, सगळ्यांच्या डिक्या उघड्या. कुणी कुणाकडे फारसं बघत नाही. हवापाण्याच्या गप्पा होतात आणि ज्याची त्याची पेटी बंद होते.

डॉर्सीची रीत ठरलेली होती. आधी तो रिव्हॉल्व्हरची गोळ्या भरायची चकती बाहेर पाडायचा. मग सहा गोळ्या एकेक करून तंबाखूच्या जुन्या पत्र्याच्या डबीत टाकायचा. टक, टक, टक, मी मोजत असे. सहा झाल्या की डबी डिकीच्या डाव्या कोपऱ्यात. मग रिव्हॉल्व्हर लाल रुमालात गुंडाळून माझ्या पोटात. ट्वायला कुलूप लावायची आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवायची. दोन मैलांनी, टेकडीवरच्या पाटीपलीकडे गाडी थांबवून हेच सगळं उलट. सोळा वर्षं एकही गुरुवार चुकला नाही. "दुसऱ्या कुणाच्या दारात शिरताना त्याच्या घरची रीत पाळावी," डॉर्सी म्हणे. मेरीलँडला तो शिव्या भरपूर द्यायचा, पण पाळायचं ते पाळायचाच. मला त्याचा फार अभिमान वाटे.

डॉर्सीकडे खाणीच्या दिवसांपासूनचा जेवणाचा एक डबा होता. तोही पत्र्याचा, चौकोनी, वर कडी असलेला, आकाराने बहुतेक माझ्याएवढाच. दुपारचं खाणं त्यातच असायचं. दोन पेपरोनी रोल, म्हणजे पावाच्या पोटात मसालेदार मांसाच्या चकत्या घालून भाजलेले रोल, आमच्या खाणकामगारांचं ठरलेलं जेवण. खाणीतली अकराची शिट्टी बंद होऊन वर्षं झाली, पण बरोबर अकराला डॉर्सीच्या पोटात ती वाजायचीच. गाडी ट्वायला चालवायची, तो डबा डॉर्सीच्या मांडीवर असायचा आणि मी डिकीत. मी त्या डब्याकडे जरा तुच्छतेनेच बघत असे. मित्रांनो, असं कुणाकडे बघू नये.

गेल्या मार्चमध्ये माझ्या कोपऱ्यांना गंज चढला. डॉर्सीने मला अंगणात घेऊन घासलं, तेल दिलं आणि ओपलच्या ट्रॅक्टरचा उरलेला हिरवा रंग माझ्यावर चढवला. किती प्रेमाने. थोडा रंग उरला, तेव्हा त्याने जेवणाच्या डब्यालाही लावला. आम्ही दोघं वाळत पडलो होतो आणि ट्वायला दारातून म्हणाली, "डॅडी, जुळी झाली की हो ही."

"बघू दे लोकांना," डॉर्सी म्हणाला, "हॉव्हरमेलांच्या घरात सगळं कसं टापटीप असतं ते."

त्याच महिन्यात गाडीच्या किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या. मग एकदा त्याने ट्वायलाला तिच्या आईच्या नावाने हाक मारली आणि तिने ओ दिली. ओपलकडे जायच्या रस्त्यावर, जिथे सोळा वर्षं गाडी वळली तिथेच, तो म्हणाला, "इथून डावीकडे की उजवीकडे गं?" ट्वायला हसून म्हणाली, "डावीकडे." हसण्यावारी नेलं म्हणजे गोष्ट हलकी होते, असं तिला वाटत असावं.

ओपलच्या अंगणात डिकी उघडी होती, म्हणून त्या दोघींचं बोलणं मी ऐकलं. डॉर्सी कुंपणाकडे गेलेला.

"काढून घे त्याच्याकडून ते," ओपल म्हणाली. ती चौऱ्याऐंशीची आहे आणि तिला आडून बोलता येत नाही.

"काय काढून घेऊ, आत्या?"

"तो रुमालात गुंडाळतो ते. तो गेल्या गुरुवारी मला विचारत होता, ओपल कुठंय म्हणून."

"त्यांच्याकडे परवाना आहे. अजून दोन वर्षं मुदत आहे त्याची."

"परवान्याला मुदत आहे गं. तुझ्या बापाला आहे का?"

ट्वायला डिकीच्या काठाला टेकली. मग म्हणाली, "आत्या, त्यांच्याकडून खाण गेली, आई गेली, रात्रीचं गाडी चालवणं गेलं. आता हेही मीच काढून घेऊ? आणि सांगू काय? तुम्ही विसरता म्हणून?"

"मग काय, मी सांगू?"

"नको."

पण त्यानंतरच्या गुरुवारी टोपी काढायच्या जागेवर ट्वायला वाकून माझ्या पोटात बघायला लागली. गोळ्या नीट निघाल्या ना, रुमालात आहे ना. डॉर्सीच्या ते लगेच ध्यानात आलं.

"तपासतेस होय मला?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "एकतीस वर्षं सुरुंगाची दारू या हातांनी भरली. दहाची दहा बोटं आहेत, मोज."

ट्वायलाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून डॉर्सी डिकीपाशी उभा राहिला की ती पाठ फिरवायची, नदीकडे तोंड करून. बापाचा मान राहावा म्हणून. झाकण पडल्याचा आवाज आला की वळायची आणि न बघता कुलूप लावायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना. आठ महिने ती मूठ आम्ही सगळ्यांनी मिळून झाकली.

मग तो गुरुवार आला. नोव्हेंबर होता, झाडं रिकामी झाली होती आणि नदीवर धुकं होतं. डिकीत ओपलच्या कुंपणासाठी तारेचं भेंडोळं होतं, ते दोन्ही हातांनी चढवताना डॉर्सीने आपला जेवणाचा डबाही आधी डिकीतच टाकला होता, माझ्या शेजारी. टोपी काढायच्या जागी गाडी थांबली. ट्वायला उतरली आणि नदीकडे तोंड करून उभी राहिली. डिकी उघडली. डॉर्सीचे हात मला दिसले.

मी टक टक ऐकायची वाट बघत होते. एकही टक आला नाही.

डॉर्सीने तंबाखूची डबी उघडली, तिच्यात बघितलं, बंद केली आणि कोपऱ्यात ठेवली. मग जेवणाच्या डब्याचं झाकण उघडलं, त्यातून लाल रुमालात बांधलेले रोल काढले आणि ते माझ्या पोटात ठेवले, दर गुरुवारी ठेवायचा तितक्याच काळजीने. कोटातून रिव्हॉल्व्हर काढलं, दुसऱ्या लाल रुमालात गुंडाळलं आणि जेवणाच्या डब्यात ठेवलं, भरलेलं, सहाच्या सहा गोळ्यांसकट. माझं झाकण लागलं. ट्वायला वळली, तिने कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली. डॉर्सीने डबा उचलला, डिकी आपटली आणि डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसला.

मित्रांनो, माझ्या पोटात दोन रोल होते. कोमट होते अजून. आणि गाडी पुलावर चढली.

डिकीचं झाकण तारेच्या भेंडोळ्यावर अडकलं होतं, नीट लागलंच नव्हतं. पुलावरच्या पहिल्या खड्ड्याला ते उघडलं. मला राखाडी आभाळ दिसलं, मागे पडणारी नदी दिसली आणि थोड्या वेळाने दिसले आमच्या मागून येणाऱ्या गाडीवरचे लाल-निळे दिवे. ट्वायलाने गाडी कडेला घेतली. समोर अर्ध्या मैलावर पेनसिल्व्हेनियाची पाटी दिसत असणार. तिथे पोहोचलो असतो तर तोच डबा, तीच मांडी, तेच रिव्हॉल्व्हर, आणि गुन्हा कसलाच नाही.

मेरीलँडचा पोलीस चालत आला. तिशीचा असेल, छातीवर हार्बॉ असं नाव.

"मॅडम, डिकी उघडी आहे तुमची. मैलभर मागून बघतोय, झाकण नुसतं टाळ्या वाजवतंय."

"लक्षातच नाही आलं, साहेब."

"बसा, मी लावतो."

तो माझ्यावर वाकला. त्याने भेंडोळं बाजूला सरकवलं. झाकणाला हात घातला. एवढ्यावर निभावलं असतं. पण ट्वायला खिडकीतून मान बाहेर काढून प्रामाणिकपणे म्हणाली, "साहेब, त्या हिरव्या पेटीत माझ्या वडिलांची बंदूक आहे. कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. गोळ्या वेगळ्या डबीत. वेस्ट व्हर्जिनियातून निघालोय, पेनसिल्व्हेनियाला चाललोय, मध्ये कुठे थांबणार नाही." हे वाक्य डॉर्सीनेच तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं, सोळा वर्षांपूर्वी.

"सांगितलंत ते बरं केलंत," हार्बॉ म्हणाला. त्याने तंबाखूची डबी उचलली आणि कानाशी हलवली. पुन्हा हलवली. "मॅडम, ही रिकामी आहे."

"नसणार, साहेब. सहा आहेत."

हार्बॉने मला उचललं. माझी दोन बोटांची कडी, त्याने ती चार बोटांनी धरली होती, वजन असेल म्हणून. मी अलगद वर आले. त्याचा चेहरा बदलला, ते मी जवळून पाहिलं.

"गाडीत आणखी काही शस्त्र आहे का?"

"नाही, साहेब," ट्वायला म्हणाली. मित्रांनो, आयुष्यात तिने एवढं खरं मानून एवढं खोटं कधी सांगितलं नसेल.

त्याने तिला उतरायला सांगितलं. मला घेऊन तो गाडीच्या पुढे आला आणि मला बॉनेटवर ठेवलं, म्हणजे डॉर्सी नजरेसमोर राहील. समोरच्या काचेतून मलाही डॉर्सी दिसू लागला. डोक्यावर वीण उसवलेली टोपी, आणि मांडीवर तो, माझा जुळा. मी काचेच्या या बाजूला माझ्या पोटातले रोल घेऊन बसले होते आणि तो त्या बाजूला मृत्यू घेऊन.

डॉर्सी मजेत होता. त्याने काच खाली केली. "हार्बॉ? डोंगरापलीकडचे हार्बॉ का तुम्ही? तुमच्या आजोबांनी मला एक खेचर विकलं होतं. लंगडं निघालं."

"शक्य आहे, सर," हार्बॉ म्हणाला. "हात मला दिसतील असे ठेवा." मग ट्वायलाला, "उघडा."

किल्ली कुलपात जाईना. तिने ती उलटी करून पुन्हा घातली. मला तिच्या पोटातलं सगळं कळत होतं. परवाना बाहेरच्या राज्याचा, राज्य मेरीलँड, पोलीस समोर, आणि गोळ्यांची डबी रिकामी. नर्सचं लायसन्स जाईल, नोकरी जाईल, आणि बाप कोठडीत रात्री कुणाच्या नावाने हाका मारेल. कुलूप उघडलं. झाकण वर झालं. हार्बॉने लाल रुमाल सोडला, आणि भाजलेल्या पावाचा वास दरवळला.

तो क्षणभर बघत राहिला. मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "मॅडम, तुमच्याकडे रोल कुलपात ठेवतात?"

ट्वायला हसली नाही. ती रोलकडे बघत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं होतं, आणि कळसा कुठे आहे ते तिला आत्ता कळलं. तिने मान वर केली.

अकरा वाजले होते. डॉर्सीचा अंगठा डब्याच्या खिट्टीवर होता.

त्या एका क्षणात तिने काय काय बघितलं ते मीही बघितलं. खिट्टी उघडणार. भुकेला म्हातारा हात आत घालणार. लाल रुमाल सुटणार. आणि तिशीच्या त्या पोलिसाला काचेतून दिसणार, हातात भरलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन वर येणारा माणूस. रोल शोधतोय हे त्याला कसं कळावं? आणि गप्प राहिली तर? हार्बॉ हसला होता. तो कदाचित म्हणाला असता, घरी विसरलात वाटतं, जा. लायसन्स वाचलं असतं. फक्त डॉर्सीने तेवढ्यात खिट्टी उघडायला नको होती. तिच्यापुढे एकच वाट उरली होती, आणि ती बापाच्या मानावरून जात होती.

"डॅडी," ती म्हणाली. हळू म्हणाली, रोग्याला सुई टोचताना बोलतात तशी. "डबा सोडा. दोन्ही हात वर काचेपाशी ठेवा."

"अगं, भूक लागली."

"माहीत आहे. हात वर ठेवा, डॅडी."

हार्बॉचं हसू गेलं. त्याचा हात कमरेच्या हत्याराकडे गेला आणि तिथेच राहिला.

"साहेब," ट्वायला त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बंदूक त्यांच्या मांडीवरच्या डब्यात आहे. भरलेली आहे. त्यांना वाटतंय त्यात जेवण आहे. माझे वडील विसरतात. आठ महिने झाले, मला माहीत आहे आणि मी कुणाला सांगितलं नाही. चूक माझी आहे. ते फक्त जेवणार होते."

काच खाली होती. डॉर्सीने सगळं ऐकलं.

"कोण विसरतं?" त्याने विचारलं.

रस्त्यावरून एक ट्रक गेला, गाडी हलली, मीही हलले. डॉर्सी आपल्या मुलीकडे बघत राहिला. मग त्याने डब्याकडे पाहिलं. मग काचेतून माझ्याकडे, माझ्या उघड्या पोटातल्या रोलांकडे पाहिलं. दहाची दहा बोटं हळूहळू वर आली आणि डॅशबोर्डवर टेकली. मला त्याची इतकी दया कधी आली नव्हती.

हार्बॉने दार उघडलं, कडीला धरून डबा उचलला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन गुडघ्यावर बसून तो उघडला. त्याने चकती पाडली. मी मोजल्या. टक, टक, टक, टक, टक, टक.

"मीच रंगवली ना दोन्ही," डॉर्सी म्हणाला. एवढंच.

कायद्याने आपलं काम केलं. मेरीलँडच्या हद्दीत, मेरीलँडच्या परवान्याशिवाय, भरलेलं रिव्हॉल्व्हर हाताशी. शेरीफचा परवाना डॉर्सीने पाकिटातून काढून दाखवला. हार्बॉने तो दोन्ही बाजूंनी पाहिला. "इथे चालत नाही, सर," तो म्हणाला, आणि त्याला ते म्हणताना आनंद झाला नव्हता. रिव्हॉल्व्हर गेलं, डबा गेला, मीही पुरावा म्हणून गेले. रोल मात्र त्याने घेतले नाहीत. ते त्याने डॉर्सीच्या हातात दिले. दुसरी पोलीसगाडी येईपर्यंत बापलेक कडेच्या कठड्यावर बसले होते, आणि जाता जाता मी पाहिलं, डॉर्सी एक रोल ट्वायलाला देत होता. तिने घेतला.

मी अकरा आठवडे कोठीत होते, गळ्यात चिठ्ठी, अंगावर प्लास्टिक. कुणी उघडत नाही, कुणी पुसत नाही. पेटीला रिकामं राहण्याची सवय असते, पण मला तिथे फार वाईट वाटलं. पुढचं मला नंतर, ओपलच्या अंगणातल्या बोलण्यावरून कळलं. त्या आठवड्यांत ट्वायलाला कामावरून घरी बसवलं होतं. डॉक्टरांचे कागद कोर्टात गेले. हार्बॉने साक्ष दिली, आणि ट्वायलाने काय सांगितलं, कधी सांगितलं, ते शब्दन् शब्द सांगितलं. शेवटी, रिव्हॉल्व्हर परत मागायचं नाही आणि डॉर्सीने पुन्हा बंदूक बाळगायची नाही, या अटीवर सरकारी वकिलाने खटला मागे घेतला. ट्वायला कामावर गेली.

नंतर एका सकाळी डॉर्सीने स्वतःहून ट्वायलाला शेरीफच्या कचेरीत न्यायला लावलं आणि परवाना टेबलावर ठेवला. शेरीफ त्याला ओळखत होता.

"हा खटला तिकडचा, डॉर्सी. आणि परवान्याला अजून मुदत आहे."

"परवान्याला आहे," डॉर्सी म्हणाला.

मित्रांनो, आता मी पुन्हा हॉव्हरमेलांच्या घरी आहे. माझ्या पोटात डॉर्सीची औषधं असतात, कारण घेतलेली गोळी तो पुन्हा घेतो. हिरवा रंग कोपऱ्यांवर उडाला आहे. कुणी परत लावलेला नाही, आणि ते बरंच आहे. दर गुरुवारी ते दोघं अजून ओपलकडे जातात आणि मी सोबत असते. पुलाच्या अलीकडे, सफरचंदांच्या शेडसमोर, डॉर्सी म्हणतो, "थांब, टोपी काढायची." आता थांबायचं काही कारण नाही. ट्वायला तरी थांबते.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात अशी कुठली कुलपाची वस्तू असेल, तर झाकण लावण्याआधी आत बघा. आणि तुमच्या माणसाचं काही हरवत चाललं असेल, तर त्याच्या मानासाठी त्याच्याकडे पाठ फिरवू नका. एक राज्य सोळा तास शिकवतं, एक निशाण मारायला लावतं, एक काहीच विचारत नाही. तुमचा माणूस दर गुरुवारी कसा आहे, हे विचारायला त्यांपैकी कुणी येणार नाही. ते तुम्हालाच विचारावं लागतं.

डॉर्सी डिकी उघडतो. मला उघडतो. आतल्या औषधांच्या बाटल्यांकडे बराच वेळ बघतो, जणू त्या जागी दुसरं काही असायला हवं होतं. ट्वायला त्याच्या शेजारी उभी असते, खांद्याला खांदा लावून, आणि ती नदीकडे बघत नाही.

"बघ," तो म्हणतो, "नीट बघ."

"बघतेय, डॅडी."